भावोजींच्या दहा जादा ओळी

माझ्या भावोजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, कामावरची माणसं 'ओळंबा' म्हणत, गवंडी भिंतीचा सरळपणा तपासायला सोडतात तो वजन बांधलेला दोरा. चाळीस वर्षं त्यांनी फरश्या बसवल्या. त्यांच्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलत नसे. न्हाणीघरात मात्र उतार म्हणजे उतार, पाण्याचा एक थेंब मागे राहायचा नाही. माझ्याकडे आले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात आणि मग चपला काढतात. मला हे अजिबात खपत नाही, आणि तीस वर्षं मी ते त्यांना तोंडावर सांगत आले आहे. ते हसतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा सरळ करतात.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा डॉक्टरांनी उकिडवं बसायला साफ मनाई केली. झालं. घरी बसलेल्या भावोजींनी ताईच्या डोक्याला नुसता ताप दिला. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले, तिला मीठ सापडेना. शेवटी तिने वैतागून अर्धवट पडलेलं आपलं भरतकाम त्यांच्या मांडीवर टाकलं. बारीक चौकड्यांचं जाळीदार कापड, त्यावर दोऱ्याच्या फुल्या घालून काढायचा गुलाब. भावोजींनी चष्मा लावला, कापड उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, हे तर फरशीकामच आहे, फक्त मांडीवर घेऊन करायचं. आठवड्यात गुलाब पुरा झाला. मागची बाजूसुद्धा पुढच्याइतकी स्वच्छ. ताईला जरा लागलंच ते.

मग माझ्या भाचीने त्यांना आपला जुना लॅपटॉप दिला आणि एक प्रोग्राम शिकवला. त्यात फोटो घातला की त्याचे चौकोन पडतात, प्रत्येक चौकोनाला एक चिन्ह मिळतं, आणि कोणत्या चिन्हाला कोणत्या नंबरचा दोरा ते बाजूला लिहून येतं. भावोजी त्या कागदाला नकाशा म्हणत. पहिल्यांदा त्यांनी गुडघ्याचे डॉक्टर काढले. दोरे कमी लागावेत म्हणून आठच रंग निवडले, तर डॉक्टर अगदी पोलिसांना हवे असल्यासारखे दिसायला लागले. तरी डॉक्टरांनी ते चित्र दवाखान्यात लावलं, भला माणूस. दुसऱ्या खेपेपासून भावोजी चोवीस रंग घेऊ लागले.

तेव्हा मी माझा जपून ठेवलेला फोटो बाहेर काढला. म्हणजे आईचा.

आई गेली तेव्हा ताई अकरा वर्षांची होती आणि मी दीड वर्षाची. ताईला आई आठवते. मला काहीही आठवत नाही. आवाज नाही, हात नाही, काही नाही. घर बदलताना बाकीचे फोटो हरवले आणि एकच उरला, आई बटणांच्या कारखान्यात होती तिथल्या बायकांचा. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी. चेहरा केवढा, तर शर्टाच्या बटणाएवढा. आयुष्यभर मी त्या बटणाकडे बघत आले. आणि त्यात, आमच्या घरात सगळ्यांचे चेहरे वाटोळे, माझाच तेवढा लांबोळका. आत्या मला काकडी म्हणायची, आणि ही कुणावर गेली कोण जाणे, असं माझ्यासमोर म्हणायची. आईचा चेहरा एकदा मोठा बघायला मिळावा, त्यात माझं काहीतरी सापडावं, एवढंच मला हवं होतं. ते मी भावोजींना सरळ सांगितलं.

त्यांनी फोटोवाल्याकडून फोटो मोठा स्कॅन करून आणला. तरीही पडद्यावर नुसते करडे ठिपके. फोटो काळापांढरा, पण प्रोग्रामने गालाच्या सावलीसाठी हिरवट आणि जांभळट दोरे सुचवले. माझं डोकंच फिरलं. माझ्या आईच्या गालात हिरवा दोरा घालाल तर याद राखा, म्हटलं. भावोजी म्हणाले, दारात जाऊन उभी राहा. दारातून पाहिलं तर हिरवं कुठेच नव्हतं, नुसती सावली होती. घाला मग हिरवा, म्हणून मी माघार घेतली. हे क्वचितच होतं, म्हणून सांगते.

नकाशा तीन पानांचा निघाला, एकाखाली एक लावायची पानं. अडीच महिने भावोजी खिडकीपाशी बसून फुल्या घालत होते आणि मला बघू देत नव्हते. एका दुपारी बोलावणं आलं. चौकट समोरच्या भिंतीवर लावलेली, आणि मला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं, कारण जवळून नुसत्या फुल्याच दिसतात.

आई शांत होती. भुवया जरा वर, नजर मवाळ. आणि चेहरा लांब. चांगला लांब, माझ्यासारखा. मी तिथेच दाराला धरून रडले. पन्नाशी उलटलेली बाई, पण लाज वाटली नाही.

ताई मात्र रडली नाही. ती हळूच म्हणाली, "छान झालंय, पण आई अशी नव्हती गं." मग कशी होती, तर तिला सांगता येईना. मी भडकले. अकरा वर्षं तुला मिळाली, मला एक चेहरा मिळाला तर तोही तुला बघवत नाही, असं वाट्टेल ते बोलले. ताई आत निघून गेली. भावोजींनी खिशातली मोजपट्टी काढली.

रुंदी बरोबर होती. उंची दोन सेंटिमीटर जास्त. त्यांनी पडद्यावरच्या ओळी पाहिल्या, एकशे तीस. कापडावरच्या मोजल्या, एकशे चाळीस. मग तिन्ही पानं जमिनीवर पसरली आणि त्यांचा चेहराच उतरला. दुसऱ्या आणि तिसऱ्या पानाच्या वर फिकट छापलेल्या पाच-पाच ओळी होत्या. त्या आधीच्या पानाच्या शेवटच्या ओळी, फक्त पान कुठे जुळवायचं ते कळावं म्हणून पुन्हा छापलेल्या. भावोजींनी त्याही चित्रातल्याच समजून पुन्हा भरल्या होत्या. नकाशात आहे ते बसवायचं, नकाशाशी वाद घालायचा नाही, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. एक पट्टी भुवया आणि डोळ्यांच्या मध्ये आली होती, दुसरी नाक आणि ओठांच्या.

मी म्हटलं, राहू दे. कोण मोजायला येतंय? मला अशीच हवी आहे. भावोजी मान हलवत राहिले. दहा ओळी मधूनच काढता येत नाहीत; पहिल्या सांध्यापासून खालचं सगळं उसवायचं आणि पुन्हा भरायचं. ते कात्री शोधायला लागले तेव्हा मी ती लपवली, हे कबूल करते.

"कात्री दे," ते म्हणाले. "माझ्या हातून चुकून दुसरीच बाई झाली, आणि तू तिला आई म्हणायला लागलीस. मला झोप लागणार नाही."

मी कात्री दिली, तुमची मोजपट्टी तुम्हालाच लखलाभ म्हटलं, आणि दोन महिने त्या घराची पायरी चढले नाही. ताईची माफी मात्र फोनवर मागितली. ती म्हणाली, मला माफी नको, ये फक्त.

शेवटी गेले. पुन्हा तेच दार. चेहरा वाटोळा झाला होता, ताईसारखा. माझं म्हणून जे काही होतं ते उसवून टाकलं यांनी, एवढंच डोक्यात आलं, आणि भावोजींना चार शब्द सुनवायला मी वळले.

तेवढ्यात ताई हसायला लागली. हसता हसता तिला खुर्ची धरावी लागली. भुवया खाली आल्या होत्या, थेट डोळ्यांवर. ओठ घट्ट मिटलेले. ती मवाळ बाई गेली होती आणि तिच्या जागी कुणालातरी फैलावर घेणार असलेली बाई उभी होती. "हीच," ताई डोळे पुसत म्हणाली. "फोटोवाल्याने तासभर उन्हात उभं केलं होतं त्या सगळ्यांना. घरी येऊन तुला भरवताना रात्रीपर्यंत त्याचा उद्धार चालला होता." मग तिने मला दंडाला धरून चौकटीशेजारी उभं केलं. मी तशीच, भांडायच्या तयारीत, कपाळाला आठ्या घालून.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "बघा."

भावोजींनी चष्मा लावला. माझ्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, परत माझ्याकडे. त्यांनाही हसू आवरेना.

"सासूबाईंना मी कधी पाहिलंच नाही असं मला वाटत होतं," ते म्हणाले. "तीस वर्षं पाहतोय की."