पायरीवर राहिलेली क्लच वायर

असे अनुभव लिहिण्याचा अधिकार ज्यांची उपासना मोठी त्यांचा. मी देवापुढे रोज दिवाही न लावणारा, घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेला मुलगा. भाषा तोकडी, श्रद्धा त्याहून तोकडी. पण आई म्हणाली, "घडलं तसं लिही, मीठमसाला लावू नको," म्हणून धीर केला आहे. चूकभूल वाचणाऱ्यांनी पदरात घ्यावी.

आम्ही अंबरनाथच्या बुवापाड्यात राहतो. दादा आनंदनगरच्या एका कंपनीत कामाला आहे. वडील गेल्यापासून घर त्याच्यावर आणि माझे शिक्षणही त्याच्यावर. त्याची हौस एकच, त्याची जुनी मोटारसायकल. कच्छमध्ये बन्नीचा गवताळ माळ ओलांडून रणाच्या कडेपर्यंत, डांबर सोडून, दोन दिवस गाडी चालवायची, हे त्याने कधीचे मनात धरले होते. "तू भूगोलवाला, रस्ता तू आख," असे म्हणून त्याने ते काम माझ्यावर सोपवले. पाणी कुठे, पेट्रोल कुठे, मुक्काम कुठे, हे सगळे मी मोबाईलवर उपग्रहाची चित्रे पाहून ठरवले. जितके आखत गेलो तितका घाबरत गेलो. चित्रात गवत संपले की पुढे नुसते पांढरे होते. त्यात बरोबर येणाऱ्या मित्राला रजा मिळाली नाही.

"एकटा नको ना जाऊस," मी म्हटले.

"एकटा कुठे? तुझा नकाशा आहे की," दादा हसला.

त्या गाडीची क्लच वायर आता सहजी मिळत नाही. उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या दुकानात एक मिळाली. शेठची म्हातारी आई गल्ल्याजवळ बसून असते, सगळे तिला अम्मा म्हणतात. कच्छचे नाव ऐकताच तिने दादाला जवळ बोलावले. "पुट, बेटा, उधर पानी पीने से पहले हाथ जोड़ना."

"अम्मा, उधर पानी है ही नहीं."

"इसीलिए," अम्मा म्हणाली.

निघायच्या सकाळी आईने दादाच्या हातावर दही घातले. गाडी वळणापाशी पोचली आणि मला पायरीवर ती नवी वायर दिसली, कागदात गुंडाळलेली, तशीच राहिलेली. मी ओरडणार तोच आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे आमच्याकडे फार कडक. त्या दिवशी दादाचा फोन आला तेव्हा सांगितले, तर तो म्हणाला, "जुनी मजबूत आहे रे. आणि आई, हाक मारू दिली असतीस तर काय रणातून वाघ उठला असता?" आई हसली नाही.

माळावर शिरण्याआधी त्याचा शेवटचा फोन आला. सोमवारी संध्याकाळपर्यंत रेंजमध्ये येतो, म्हणाला. सोमवार गेला. मंगळवारीही फोन बंद. तिकडच्या पोलीस ठाण्यात कळवले, त्यांनी शोध घेतो म्हणून सांगितले. आई देव्हाऱ्यासमोर बसली ती उठेना. माझ्या तोंडावर ठेवला होता तोच हात आता ती स्वतःच्या तोंडावर धरून बसली होती. मला ते बघवेना, म्हणून मी शिवमंदिरात गेलो. तिथला गाभारा खाली आहे, पायऱ्या उतराव्या लागतात. उतरलो, हात जोडले, पण मागता येईना. डोळे मिटले की ते पांढरे दिसे. रस्ता मी आखलेला, मग देवाला कोणत्या तोंडाने सांगू?

बुधवारी ती वायर घेऊन दुकानात गेलो. जुनी वायर किती तग धरते, एवढेच विचारायचे होते. दादाचा फोन नाही, हेही सांगून टाकले. अम्मा उठली आणि ओढणीचे टोक तिने दोन्ही हातांनी देवाच्या तसबिरीपुढे पसरले. सिंधी लोक याला पल्लव म्हणतात. "तू भी," ती मला म्हणाली. माझ्याकडे पदर कुठला? मी शर्टाची कड धरली. तिने झूलेलालकडे, त्यांच्या पाण्याच्या देवाकडे, काय मागितले ते मला कळले नाही. मी काहीच मागितले नाही. यात जे पडेल ते तुझे, एवढेच मनात आले. काही घडले नाही. अम्माने डब्यातला गोड भात पुढे केला आणि खा म्हणाली.

दोन घास खाल्ले असतील, तोच अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचा माणूस वाऱ्यात ओरडून बोलत होता. मला त्यातले फक्त "मोटरसाइकल" कळले. अम्माने फोन माझ्या हातातून घेतला आणि माहेरच्या माणसाशी बोलावे तशी ती बोलू लागली. तिकडच्या गुराख्यांची बोली तिच्या बोलीची बहीणच, हे मला नंतर समजले. तेव्हा मी फक्त तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

हा फोन घरी असताना आला असता तर आई आणि मी तो एक शब्द घेऊन भीतीत बसून राहिलो असतो. तो तेव्हाच का आला, मला ठाऊक नाही आणि खोदून पाहायचेही नाही. माझी आखणी जिथे संपली तिथून पुढे कुणीतरी दादाला नेत होते, एवढे वाटते आणि हात आपोआप जुळतात. हल्ली देवळात गेलो की मी यादी सांगत नाही. शर्टाची कड धरून उभा राहतो.

फोन ठेवून अम्माने आधी डोळे पुसले. मग सांगितले, की सोमवारी क्लचची तार तुटली, गाडी रणातच राहिली, आणि मदतीची वाट पाहून मंगळवारी निघालेला दादा वाट चुकून रात्रभर चालला. रात्री चरून पहाटे परतणाऱ्या म्हशी दिसल्या, त्यांच्या मागोमाग तो फोन करणाऱ्या गुराख्याच्या वस्तीवर पोचला. पाय सुजला आहे, दूध पिऊन झोपला आहे. रेंज मिळावी म्हणून तो माणूस लांब चालत आला होता.

"और तेरी माँ के लिए बोला है," अम्मा म्हणाली, "अब पीछे से आवाज़ दे दे, मैं लौट रहा हूँ."