खिमुली आमाचा डावा पीळ

मी कुणाचं सहजासहजी कौतुक करणाऱ्यातली नाही. लग्न होऊन या गावात आले त्याला तीस वर्षं झाली, तरी सगळ्यांसाठी मी अजून चंद्रा ब्वारी, म्हणजे गावाची सूनच. आणि ही सून नाक मुरडायला सगळ्यांच्या पुढे, असं कुणीही सांगेल. पण खिमुली आमाचं नाव निघालं की माझी बोलती बंद होते.

आमा, म्हणजे आजी, आमची शेजारीण. वय सत्त्याहत्तर. दिवाळी सरली, मेंढ्या वरच्या कुरणांवरून खाली आल्या की गावातल्या साऱ्या बायका आपापली लोकर घेऊन तिच्या अंगणात जमायच्या, कारण पंचचूलीच्या हिमशिखरांमागून वर आलेलं ऊन पहिल्यांदा तिथल्या फरशीवर पडतं. शेतं झोपलेली, घराघरांत फारसं काम नाही. खालच्या गावांतून मोठाली लिंबं यायची. ती सोलून, दही, मुळा आणि भांगेच्या बियांचं मीठ घालून परातभर कालवायची, बोटं चाटायची, पुसायची आणि पुन्हा टकळी फिरवायची. हरुली काखीच्या, म्हणजे काकूच्या, तर दोन टकळ्या चालायच्या, एक हातातली आणि एक तोंडातली.

आमा सुताकडे बघायचीसुद्धा नाही. पाण्याला जाताना, चढ चढताना, भांडण ऐकताना तिची टकळी फिरतच असायची आणि धागा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा. कुणाचाही मोजा तिच्या हातात द्या. डोळे मिटून दोन बोटांत चोळायची आणि सांगायची, "हे हरुलीचं. मधेमधे जाड आलंय, म्हणजे बोलत होती." एकदा माझ्या मोज्यावर बोट ठेवून म्हणाली, "ब्वारी, इथं नवऱ्याशी भांडून कातायला बसली होतीस." आता काय सांगू, बसले होते ना!

तिची नात गंगोत्री. आई गेल्यावर आमानंच वाढवलेली. तिचं लग्न फागुनात ठरलं. आमच्याकडे नवरी सासरी जाते ती माहेरच्या स्वेटरात. तो विणायला गावातले कुठलेही हात चालतात, पण सूत एकाच बाईनं कातलेलं हवं. दोघींचं सूत मिसळलं तर पोरीचं मन जन्मभर दोन्हीकडे ओढलं जातं, असं मानतात. स्वेटरला सुताचे बारा गुंडे लागायचे. सहा झाले आणि एका सकाळी आमा चुलीपाशी कोसळली. उजवी बाजू गेली.

तीन आठवड्यांनी इस्पितळातून आली तेव्हा उजवा हात ओल्या मोज्यासारखा लोंबत होता. जीभ जड झालेली, एखाददुसरा शब्द कसाबसा फुटायचा. गंगू म्हणाली, "आमा, मी बाजारातला घालीन गं. काय बिघडतं?" आमानं भिंतीकडे तोंड फिरवलं. दिवसभर जेवली नाही.

मला बघवेना. मी आणि हरुली काखीनं गुपचूप चार गुंडे कातले. आयुष्यात इतकं बारीक मी कधी कातलं नव्हतं. तिच्या टोपलीत नेऊन ठेवले. आमानं डाव्या हातानं एक गुंडा चाचपला. "हरुली," म्हणाली. दुसरा चाचपला. "तू." आणि टोपली सरकवून दिली. "खोटं... नको." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या दिवशी अंगणात आले तर आमा उन्हात बसलेली, पुढ्यात लाकडी वाडगा, वाडग्यात टकळी, आणि ती फिरवत होती डाव्या हातानं! लोकरीचा पेळू दातांत धरलेला. टकळी पडायची, धागा तुटायचा. ती थुंकी लावून मांडीवर चोळून जोडायची. महिनाभर नुसत्या गाठी आल्या. हरुली काखीसुद्धा गप्प बसायला शिकली, यावरून काय ते समजा. माघात बर्फ पडलं, आम्ही शेगडीभोवती सरकलो, आमाची टकळी चालूच. आणि एके दिवशी मी पाहिलं, गाठी गेल्या होत्या. धागा अगदी पहिल्यासारखा. सत्त्याहत्तराव्या वर्षी जन्मभराचा अडाणी हात शहाणा होतो हो! मी उठून बाहेर गेले आणि बर्फात उभी राहून रडले.

माघ संपेपर्यंत सहा गुंडे झाले. जुने सहा, नवे सहा. लग्नाला बाराच दिवस उरले होते. मी शहाणी, म्हटलं दोन्ही सारखे मिसळावेत. एक जुना धागा, एक नवा, असा दुपदरी पीळ घालायला बसले. बघते तर एक धागा उसवून कापूस झाला आणि दुसरा आवळून दोरी!

"अगं आंधळे," काखी ओरडली, "डाव्या हातानं टकळी उलटी फिरते. पीळ उलटा आहे! तीस वर्षं काय गवत काततेस?"

एक जुना, एक नवा, असे दोन गुंडे माझ्यामुळे वाया गेले. आमा डाव्या हातानं तो गुंता सोडवायला बसली, हेच जास्त लागलं.

जुन्याशी जुना, नव्याशी नवा असं दुपदरी केलं असतं तर जमलं असतं, पण मग बाह्यांना सूत पुरेना. म्हणून एकपदरीच विणायचं ठरलं. जुन्या सुताचा वीतभर तुकडा विणला, तो उजवीकडे कलला. एकपदरी सूत कलतंच, म्हणून तर आम्ही दुपदरी करतो. नव्याचा विणला, तो डावीकडे कलला.

"नवरी झोकांड्या खात सासरी जाणार," काखी म्हणाली. दाराआड गंगू हुंदके देत होती.

"आण," आमा म्हणाली.

दोन्ही तुकडे तिनं मांडीवर घेतले. त्यांचा तिरकेपणा बोटानं कितीतरी वेळ चाचपला. मग जुन्या गुंड्याकडे बोट केलं आणि दोन बोटं दाखवली. नव्याकडे केलं, पुन्हा दोन. पुन्हा जुन्याकडे.

"दोन ओळी याच्या, दोन त्याच्या?" मी विचारलं.

तिनं होकारार्थी मान डोलावली.

मी विणायला लागले. वीतभर झाल्यावर तुकडा अंगणातल्या फरशीच्या काठाला लावून पाहिला. सरळ! उजवा पीळ इकडे ओढत होता, डावा तिकडे, आणि दोघांच्या ओढाताणीत वीण ताठ उभी होती. ताणून सोडला तर जागच्या जागी परत आला. "अगं बाई!" काखी एवढंच म्हणाली आणि तिनं माझ्या हातातून सुया ओढून घेतल्या.

मग आम्ही आठजणींनी पाळ्या लावल्या. कुणी पाठ घेतली, कुणी बाह्या. असलं विणकाम मी आजवर केलेलं नाही. दर दोन ओळींनी आमाचा हात बदलायचा आणि बोटांना कळायचा. शेवटचा टाका लग्नाच्या आदल्या दुपारी पडला.

निघताना गंगू स्वेटर घालून आमाच्या पाया पडली. आमानं डावा हात तिच्या पाठीवरून सावकाश फिरवला, वरपासून खालपर्यंत. मग त्याच डाव्या हातानं तिनं आपला निर्जीव उजवा हात उचलला आणि गंगूच्या पाठीवर ठेवला.

"यालापण... बघू दे," म्हणाली. "अर्धं... याचंय."