बाकावरचा ओला ठसा

"सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय," असं म्हणत जिममधला ट्रेनर माझा आठवडा आखत होता आणि माझं लक्ष समोरच्या बाकावर खिळलं होतं. त्यावरून नुकतेच उठलेले गृहस्थ आपल्या पाठीचा ओला, चकचकीत ठसा तसाच सोडून आरशात दंड बघत उभे होते. नॅपकिन खांद्यावरच होता. हेच गृहस्थ आल्या आल्या बूट काढून मारुतीच्या तसबिरीला हात जोडतात, वजनाच्या दांड्याला हात लावून तो कपाळाला टेकवतात.

"बाक पुसता का जरा?" मी म्हटलं.

"घामच आहे हो, मेहनतीचा," ते हसले.

म्हणून तर आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यांत देवांची चित्रं असलेल्या फरशा बसवाव्या लागतात. तिथून माणसं जातात-येतात, एवढ्यासाठी थुंकायचं कोणी थांबत नाही.

"चला, व्हा आडवे," ट्रेनर म्हणाला.

माझ्याच नॅपकिनने मी तो कोमट ठसा पुसला. या बाकावर मारुतीची फरशी बसवली, तर उद्यापासून तो कोरडा ठणठणीत राहील. फक्त मग त्यावर पाठ टेकायची सोय उरणार नाही.