प्लास्टिकचे पत्ते जप्त करा

खून, दरोडे, बुडालेल्या होड्यांचे पंचनामे, सगळं माझ्या नोकरीत झालं. पण घरात कुणी पत्त्यांचा कॅट पिसायला घेतला की आजही मला पहिल्यांदा आठवते ती एका दुपारची खबर. त्या प्रकरणात आरोपी नव्हता आणि गुन्हाही दाखल झाला नाही. नावं मी सांगणार नाही. गाव मालवण तालुक्यातलं, आचऱ्याच्या वाटेवरचं, एवढं पुरे.

मी तेव्हा उपनिरीक्षक होते. मोबाईल मोजक्या लोकांकडे असायचे. गावात चहाच्या टपरीवर नाणं टाकायचा लाल फोन असायचा. ठाणे अंमलदार जेवायला गेले होते, म्हणून फोन मी घेतला.

बाईचा आवाज होता. मालवणी माणूस कचेरीत जपून मराठी बोलतो, तशी ती बोलत होती.

"आंटीच्या घरी दुपारी जुगार चालतो. नवीन प्लास्टिकचे पत्ते आहेत. ते जप्त करा."

"किती माणसं असतात?"

"माणसांचं राहूद्या. पत्ते तेवढे न्या." वाडीचं नाव सांगून तिने फोन ठेवला.

खबर देणाऱ्याला काहीतरी हवं असतं. कुणाला शेजारी आत गेलेला हवा असतो, कुणाला नवरा वेळेवर घरी आलेला हवा असतो. माणसं सोडा आणि पत्ते न्या, असं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. डायरीला नोंद केली. छाप्याआधी खात्री करायची म्हणून एका जुन्या हवालदारांना घेऊन साध्या कपड्यांत निघाले.

आंटी म्हणजे ख्रिस्ती घरातली विधवा. नवरा बोटीवर होता, मुलगा दुबईत. घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात, माडाच्या सावलीत चटई टाकून चौघी मेंढीकोट खेळत होत्या. आंटीची जोडीदार काकी. ती पूर्वी टोपली घेऊन दारोदार मासे विकायची. समोरच्या जोडीत शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आणि त्यांची जाऊ. सगळ्यांची साठी उलटलेली. हरेल त्या जोडीने चहा करायचा, एवढीच पैज.

"मॅडम, मोठी गाडी मागवूया?" हवालदार माझ्या कानाशी पुटपुटले.

मी ओळख दिली, कारण सांगितलं. शाळेच्या बाई पांढऱ्या पडल्या. आंटीने हातातले पत्तेही खाली ठेवले नाहीत.

"जुगार? गेल्या म्हयन्यापासून चाय आमीच करतंव. जुगार आसतो तर माझा घर गेला आसता. ह्या काकीक इचारा. हुकूम मारुचो तर ही किलवर टाकता."

"पत्तेच तसले," काकी म्हणाली. "गुळगुळीत."

"पत्त्यांक कित्याक दोष? माझ्या झिलान दुबयसून धाडल्यान. अस्सल प्लास्टिक." आंटीने बदामाची राणी घेतली, दोन टोकं जुळवून वाकवली आणि सोडली. राणी सरळ. मग ती तांब्यात बुडवून झग्याला पुसली. "बगा, फुगाक नाय. नखान दाबा, मॅडम."

मी कोपऱ्यावर नख दाबलं. खूण उमटली, पण अंगठा फिरवल्यावर पत्ता पुन्हा सपाट. माल खरोखर चांगला होता. आमच्याकडे मुद्देमालात यायचे ते मेणचट कागदी पत्ते. खाऱ्या हवेत पावसाळाभर राहिले की पापडासारखे मऊ पडायचे.

"आणि जुने पत्ते?" मी विचारलं.

"कागदी होते. कान मोडलेले, डाग पडलेले. बंबात घातलंय."

"कायदो तो कायदो," काकी एकदम म्हणाली. "मॅडम, पत्ते न्येवा."

तिघींनी तिच्याकडे बघितलं. मीही.

मी त्यांना डाव पुरा करायला सांगितलं आणि पायरीवर बसले. पत्ता टाकताना प्रत्येकजण त्याचं नाव घेत होती. "बदाम सत्ती." "बदाम गुलाम." मला हे नवीन होतं.

"काकीची शिस्त," बाई म्हणाल्या. "दोन-तीन वर्षं झाली. नाव नाही घेतलं तर ओरडते."

डब्यात दोन कॅट होते, एक लाल पाठीचा, एक निळा. निळा मी तपासणीसाठी घेतला. काकी म्हणाली, "आणि लाल?"

"तो राहूदे."

तिचा चेहरा उतरला.

परतताना टपरीवर चहा घेतला आणि मालकाला विचारलं, दुपारी फोन कुणी केला. त्याला लपवायचं कारणच नव्हतं. "काकी इल्ली. नंबर मीच लावून दिलंय. म्हणता, आकडे बारीक आसत."

कोण, हे कळलं. का, ते राहिलं होतं. चौकशीसाठी बाईमाणसाला ठाण्यात बोलावणं मी टाळत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी एकटीच गेले. ती पडवीत लसूण सोलत होती. मी निळ्या कॅटातला एक पत्ता खिशातून काढून तिच्या हातात दिला.

"काकी, हा कुठला?"

तिने तो दाराच्या उजेडात धरला नाही, डोळ्यांजवळ नेला नाही. तिचा अंगठा आधी कोपऱ्यावर गेला आणि तिथे काहीतरी शोधत राहिला.

"लाल," ती शेवटी म्हणाली.

"लाल कुठला? बदाम की चौकट?"

तिचा अंगठा पुन्हा कोपऱ्यावर गेला. मी थांबले. चौकशीत हेच सर्वांत अवघड काम असतं.

"जुने सगळे माका ठावक होते," ती म्हणाली. "जसा दिसणा कमी झाला, तशी मी एकेकाक नखान खूण करीत गेलंय. ह्येंका खूण धरना नाय. जप्त झाले आसते तर आंटीन कट्ट्याच्या बाजारातसून कागदी आणल्यान आसते."

"म्हणजे दुसऱ्यांचे पत्तेही तुम्हांला ओळखू यायचे?"

"माझे माका कळले तरी रग्गड, गो बाय."

"आंटीला का नाही सांगितलंत?"

"तिका कळला की तिचो झील माझ्या झिलाक फोन करतलो. तो येतलो आणि माका मुंबयक न्येतलो, चौथ्या माळ्यार. थंय माका कोण वळखता? हयसर वाटेर कोण शिंकलो तरी माका कळता, कोण तो."

खोटी खबर देणं गुन्हा आहे, हे मी तिला सांगितलं.

"मगे लिवा माझा नाव," ती म्हणाली. "पण झिलाक कळवू नुको."

मी नाव लिहिलं नाही. एक अट घातली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायचं. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी तिला कुडाळला घेऊन गेले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर येणार नाही, थेंब नियमित घातले तर उरलेली राहील, असं डॉक्टर म्हणाले. थेंब ती घालायची. ओळखायला म्हणून तिने बाटलीला दोरा बांधला होता.

डायरीत मी लिहिलं, खबरीची शहानिशा केली, जुगार आढळून आला नाही. निळा कॅट आंटीला परत केला.

"फोन कोणी केल्यान?" तिने विचारलं.

"खबर देणाऱ्याचं नाव सांगता येत नाही."

तिने वरचा पत्ता उचलला, कोपऱ्यावर स्वतःचं नख दाबलं आणि खूण पुसली जाताना बघत राहिली. मग डबा घेऊन आत गेली. तिला कुणी काय सांगितलं, मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

पावसाळा संपताना माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा खळ्यात तोच डाव, तेच दुबईचे पत्ते. मी एक उचलला. कडेला लहानशी काळपट खाच होती. दुसऱ्यावर दोन. तापवलेल्या सुईने केलेल्या, व्यवस्थित, कॅटातल्या एकूणएक पत्त्याला.

"हे काय झालं, आंटी?"

"उंदरान खाल्ल्यान," तिने मान वर न करता सांगितलं.

"उंदीर हुशार आहे," बाई म्हणाल्या. "दश्श्या आणि एक्के बरोबर ओळखतो."

"बाई, तुमी आदी चाय ठेवा," काकी म्हणाली. "सात हात आमचे झाले."

आम्हांला शिकवलं होतं, खूण केलेले पत्ते म्हणजे फसवणूक, ते आधी ताब्यात घ्यायचे. नंतर मी ठाण्यात आलेल्या प्रत्येक नवीन पोराला सांगत आले, की माणूस कुणाविरुद्ध बोलतो ते लिहून घ्याच, पण त्याला काय वाचवायचं आहे तेही बघा. ते शिकले ते त्या खळ्यात.

त्या दिवशी चहा होईपर्यंत मी तिथे बसले. खाचा कडेवर होत्या. समोरच्याच्या हातातला पत्ता बाहेरून कुणालाही वाचता आला असता. दुसरा डाव सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं, की आंटी, बाई आणि त्यांची जाऊ, तिघींनी आपली नजर चटईवर ठेवली होती. काकीच्या हाताकडे एकदाही कुणी बघितलं नाही.