माझा जबडा आणि सुनेची प्रॅक्टिस

मागच्या हिवाळ्यात माझं तोंड सलग साडेतीन तास उघडं होतं आणि त्यातून एक शब्दही बाहेर आला नाही. तोंड उघडं राहिलं याचं आमच्या घरच्यांना फारसं काही वाटलं नाही. शब्द आला नाही म्हटल्यावर मात्र सगळे घाबरले!

आता हे सांगायचं तर आधी आमच्या मृणालविषयी सांगायला हवं. मृणाल माझी सून. आम्ही जळगावात, पिंप्राळ्यात राहतो, तिथून दहा मिनिटांवर तिने दवाखाना टाकला. पाटी एवढी लांब, की वाचेपर्यंत रिक्षा पुढच्या चौकात जाते. ‘मुख, जबडा व चेहरा शल्यचिकित्सा’. लग्न ठरतानाच मी विचारलं होतं, "म्हणजे दातांचीच ना?"

लग्नानंतरही बिचारी पोळ्या लाटता लाटता मला समजावून सांगायची. "आई, दातांचं शिकून झाल्यावर आणखी तीन वर्षं शिकले मी. अपघातात चेहऱ्याची हाडं मोडतात ती जोडायची, जबड्यातल्या गाठी काढायच्या, गुटख्याने तोंड उघडेनासं होतं ते उघडायचं..."

"हो गं, कळलं," मी म्हणायचे. "दातांचीच."

आणि हेच मी सगळ्या कॉलनीला सांगायचे. (कॉलनीत कुणाचं काही दुखलं की आधी माझ्याकडे येतात. माझं शिक्षण नववी, पण अनुभव दांडगा!) समोरची शोभा एकदा आली. तिच्या नवऱ्याच्या तोंडात जेमतेम एक बोट जायचं, पोळीसुद्धा चुरून खायचा. म्हणाली, "काकू, तुमच्या सूनबाईंना दाखवू का?"

"अगं, ती दातांची! भाऊंचे दात तर चांगले आहेत. गालाला आतून तूप चोळ."

मागच्या गल्लीतला एक जण मोटारसायकलवरून पडला, गालाचं हाड मोडलं. त्याच्या बायकोला मी स्वतः रिक्षा करून दिली. हाडाच्या डॉक्टरकडे! मनात वाईट काही नव्हतं हो. सुनेला उगीच भलत्या कामाचा त्रास नको, एवढंच.

दवाखान्यात मात्र माशी फिरकेना. दिवाळीत मुलाने, रोहितने, सांगून टाकलं, "आई, मार्चपर्यंत बघतो. नाहीतर आम्ही पुण्याला जातो. तिथे हिच्या शिक्षणाची किंमत आहे." म्हणजे मुलगा जाणार, सून जाणार आणि अडीच वर्षांची माझी नात जुईसुद्धा जाणार. मला घास गोड लागेना. मी देवाला तांब्याभर दूध कबूल केलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, "जळगावच्या लोकांचे दातच मजबूत, माझ्या सुनेने करायचं काय?"

अशात माहेरहून भरिताचं बोलावणं आलं. माझं माहेर पारोळ्याजवळ. धाकटा भाऊ भिकन दर हिवाळ्यात शेतात भरीत करतो. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात, सगळं कसं साग्रसंगीत! गुरुवार होता. मृणाल दर गुरुवारी कामासाठी धुळ्याला जाते, म्हणून ती काही आमच्याबरोबर नव्हती. मी आणि आमचे नाना, म्हणजे आमचे हे, दोघंच गेलो.

आमच्याकडे माहेरवाशीण जेवायला बसली की भावजय शेवटचा घास आपल्या हाताने भरवते, आणि तो लहान असला तर तिचा कमीपणा. माझी भावजय सुमन मानाची बाई! तिने चतकोर भाकरीवर मूठभर भरीत घालून त्याचा चेंडू केला. मी तेव्हा जुन्या शेजारणीच्या लेकीच्या लग्नातली भानगड सांगत होते. घासासाठी गोष्ट थांबवायची नाही, ही माझी जुनी सवय. मी बोलता बोलताच ‘आ’ केला, कानाजवळ कट्‌कन वाजलं, आणि तोंड तसंच राहिलं!

सगळे माझ्याकडे बघत बसले. कुणाला काही कळलंच नाही! त्यांना वाटलं, गोष्टीत रंग भरतेय.

"मंग काय व्हयनं, अक्का?" भिकन म्हणाला. "सांग ना पुढे!"

"आऽऽ," मी म्हटलं.

"नवरीनी आई रडनी का?"

"आऽऽ!"

शेवटी सुमनच्या ध्यानात आलं. तिने आधी तो घास बोटाने बाहेर काढला (निम्मा तरी राहू द्यायचा!) आणि बोंब ठोकली. मग काय, शेजारच्या शेतातलेही धावले. एक म्हातारी म्हणाली, "नजर लागनी! बठ्ठा गाव अक्काना तोंडकडे देखी ऱ्हायना व्हता." माझ्यावरून मिरच्या उतरवून जाळात टाकल्या. त्या धुराने सगळे खोकले, मला तर तोंड मिटून खोकताही येईना. नाना तेवढे शांत होते. म्हणाले, "भरीत निवतंय. दोन घास खाऊन निघू."

मग मला गावातल्या हाड बसवणाऱ्या बाबांकडे नेलं. बाबांनी लांबूनच पाहिलं. "देख भिकन, मी खांदा बसाडस, घुडघा बसाडस, बैलना पाय बसाडस. पन तोंडमां हात घालाना नही. चावी लिन्हं म्हंजे?"

इथे मी एक शहाणपणा केला. भिकन खिशातून फोन काढत म्हणाला, "मृणालला विचारू का?" मी खुणेने कागद मागितला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘मृणालला सांगू नका. माझे दात थोडेच दुखताहेत!’ नानांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "बरोबर आहे," म्हणाले.

पारोळ्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "हे कानाजवळचं दिसतंय. धुळ्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा." धुळ्यापर्यंत मी भिकनच्या गाडीत तोंडावर रुमाल बांधून बसले होते. लाळेने तो दोनदा पिळावा लागला. कान-नाक-घशाचे डॉक्टर सवयीने म्हणाले, "आ करा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "असू द्या." त्यांनी कान तपासले, नाक तपासलं, घसा तर काय, रस्त्यावरूनही दिसत होता! "तिन्ही उत्तम आहेत. हाडवाल्यांकडे जा."

हाडाचे डॉक्टर मोठ्या हॉस्पिटलात बसत होते. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "अहो, जबडा निसटलाय. हे आमचं नाही. याचे सर्जन वेगळे असतात, जबड्याचे. तुमचं नशीब, पाटील मॅडम आज इथेच आहेत."

आता खानदेशात पाटील म्हटल्यावर कुणाला काय बोध होणार! आम्ही बसलो. दहा मिनिटांनी हिरव्या कपड्यातली, तोंडाला मास्क लावलेली एक डॉक्टरीण आली आणि दारातच थांबली.

"आई?"

"आऽऽ," मी म्हटलं. त्या दिवसात पहिल्यांदा तो आवाज बरोबर ठिकाणी लागला!

"कधी झालं हे?"

"साडेबाराला," भिकन म्हणाला.

"चार वाजलेत आता! मला फोन का नाही केला?"

नाना माणूस सरळ. त्यांनी खिशातून कागद काढून तिच्या हातात दिला. मृणालने तो वाचला. पुन्हा वाचला. मला जमिनीत जावंसं वाटलं, पण उघड्या तोंडाने जमिनीत गेलं तर मातीच जायची.

तिने मला खुर्चीत बसवलं, अंगठ्यांना जाळीचं कापड गुंडाळलं. "आई, अंग सैल सोडा. घाबरू नका. फक्त एक करा, जबडा बसला की खटकन मिटू नका. माझे अंगठे आत आहेत." दोन्ही अंगठे माझ्या मागच्या दाढांवर ठेवले, खाली दाबलं, मागे सरकवलं. कट्! साडेतीन तासांची कथा, आणि तिला मिनिटही लागलं नाही.

हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टी बांधताना ती म्हणाली, "पंधरा दिवस पट्टी. पातळ खायचं, जांभई आली तर हनुवटीला हात लावायचा, आणि बोलणं अगदी कमी."

"अगदी कमी म्हणजे किती?" नानांनी विचारलं. "लिहून द्या."

हाडाचे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, या तुमच्या कोण?"

"सासूबाई," मृणाल शांतपणे म्हणाली. "जळगावात माझी जाहिरात याच करतात."

परतताना ती माझ्याजवळ मागे बसली. पारोळा गेल्यावर हळूच म्हणाली, "आई, मला तुमच्यावर रागवायचं नाही. पण लोक मला रस्त्यात सांगतात, आम्ही येणार होतो, तुमच्या सासूबाई नको म्हणाल्या. पुण्याला जायची हौस नाही हो मला." मी तिचा हात धरला. सांगायला खूप होतं, पण पट्टी! आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं तरी पूर्ण ऐकून घेतलं.

पुढचे पंधरा दिवस मी ओट्यावर पट्टी बांधून बसून होते. भेटायला सगळी कॉलनी आली. काय झालं म्हणून विचारलं की नाना एवढंच म्हणायचे, "जबडा निसटला होता. धुळ्यापर्यंत कुणाला जमेना, सुनेने बसवला." पुढे सल्ला द्यायला मी मोकळी नव्हते, त्यामुळे लोक आपल्या बुद्धीने चालले. शोभा नवऱ्याला घेऊन गेली. मृणालने आधी त्याचा गुटखा बंद केला, मग उपचार सुरू केले. दोन बोटं जायला लागली. मग कुणी अक्कलदाढ घेऊन गेलं, कुणी गालावरची गाठ. मार्च आला तेव्हा रोहितने पुण्याच्या घरमालकाला नको म्हणून कळवलं. जुई इथेच आहे, आत्ता माझा चष्मा ओढतेय.

पट्टी सुटली त्या दिवशी मी घसा साफ केला आणि म्हटलं, "आता मी स्वतः सगळ्यांना सांगते, माझी सून..."

मृणालने रोहितकडे पाहिलं, रोहितने नानांकडे. मृणाल म्हणाली, "आई, आणखी आठ दिवस बांधायची का?"

"का गं? मला तर आता अजिबात दुखत नाही."

"तुमच्यासाठी नाही. प्रॅक्टिसला बरी पडते."

मीही हट्ट केला नाही. हल्ली कुणी दुखणं घेऊन फाटकाशी आलं, की मी कपाटातून पट्टी काढते, बांधते आणि सुनेच्या दवाखान्याकडे नुसतं बोट दाखवते!