खंडेनवमीला अडकलेले ब्रेक

नव्वदच्या दशकात कराडजवळच्या मलकापूरला आमच्या घरासमोर आमचा ट्रक उभा असे. एका नवरात्रात तुमच्या आजोबांनी तो पूजेसाठी नदीवर नेऊन धुतला. नुसता वरून नाही, चाकं बुडतील इतका पाण्यात घातला. घरी आणून उतारावर हॅन्डब्रेक ओढून ठेवला. ड्रायव्हर रजेवर होता, त्यामुळे खंडेनवमीपर्यंत ट्रक जागचा हलला नाही.

त्या सकाळी ड्रायव्हर वडूजकडच्या आपल्या वस्तीतली माणसं घेऊन आला. दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचं होतं आणि आजोबांनी ट्रक द्यायचं कबूल केलं होतं. त्याची आईही आली होती. तिने नव्या नवरीच्या वयात गावातच धम्म स्वीकारला होता, पण नागपूर पाहिलेलं नव्हतं. गुडघे असे झाले होते की पुढच्या वर्षाचा तिला भरवसा नव्हता. आज निघून रात्रभर गाडी चालली तरच दसऱ्याला पोहोचणार होते.

हॅन्डब्रेक सोडला तरी मागचं डावं चाक फिरेना. गाडी थोडी पुढे, थोडी मागे घेतली, तर चाक माती ओरबाडत फरफटत आलं. चाकातल्या ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी राहून गंज धरला होता, ब्रेकचे लायनर ड्रमला आतून चिकटले होते. जॅकवर चाक उचलून ड्रमवर घण मारायला हवा होता. पण जॅक, घण, पाने, सगळं हळदकुंकू लावून देवापुढे मांडलेलं. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. मी कराडच्या गॅरेजांना फोन लावले. सगळ्यांची हत्यारं पूजेत. एक जण म्हणाला, बाई, आमच्या गॅरेजची किल्लीसुद्धा आज देवापुढे आहे.

आजोबा म्हणाले, उद्या निघा.

माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, दारातून हे ऐकत होत्या. त्या आत गेल्या आणि घणावरचं झेंडूचं फूल त्यांनी बाजूला केलं. ते पाहून ड्रायव्हरची आई उठली.

"आवं, नगा. तुमच्या देवाचं मोडून मी न्हाई जायाची."

"देव माझा हाय, त्याचं मी बघते. तुमी बसा. उठबस करून गुडघं आणखी दुखवाल."

मग काम सुरू झालं. बाकीच्या चाकांना दगड लावले, चाक उचललं, पान्याने ब्रेक ढिला केला. एकाच जागी मारलं तर ड्रम तडकतो, म्हणून ड्रायव्हर कडेकडेने, जागा बदलत घाव घालत होता. बराच वेळ आवाज बसका येत होता. मग तो मोकळा आला, लाल भुगा खाली पडला आणि चाक हाताने फिरलं. हायवेपर्यंत जाऊन, ब्रेक मारून बघत ड्रायव्हर परत आला. ड्रम तापला नाही ना, हे हात लावून पाहिलं, आणि आईला केबिनमध्ये बसवलं.

दसऱ्याला दुपारी ते पोहोचले. गर्दीत तिची एक चप्पल हरवली, पण ती शोधायला तिने मुलाला मागे जाऊ दिलं नाही.