थर्मासमधला बर्फ

माझ्या आयुष्याचा निकाल एका थर्मासमध्ये होता आणि मी आंघोळीला गेले. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. महापेच्या एका प्रयोगशाळेत मी डुकरिणीच्या अंडपेशी पिकवत होते. पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या एका घटकाचं जनुक अंड्याभोवतीच्या पेशींत जागं होतं आणि तिथूनच अंड्याला पिकायचा सांगावा जातो, असं मला दाखवायचं होतं. चार महिने हाती भोपळा. सोमवारी काही दिसलं नाही तर काम बंद, असं सरांनी बजावलं होतं. काम बंद म्हणजे साताऱ्याला परत आणि बाबांनी बघून ठेवलेलं स्थळ.

शनिवारी सकाळी कत्तलखान्यातून अंडाशयं आणली, थर्मासमध्ये, मिठाच्या कोमट पाण्यात. अंगाला वास येत होता म्हणून वाटेत घणसोलीला खोलीवर उतरले आणि थर्मास ओट्यावर ठेवला. घरमालकीण आजींचा जन्म मासळी विकण्यात गेलेला. मी बाहेर येते तर त्यांनी थर्मास उघडून आत बर्फ ठासला होता.

"पानी गरम झालता गो. नासला आसता तुजा माल!"

डुकराची अंडी गारठली की संपली. मी अशी ओरडले की शेजारची दारं उघडली. म्हातारीच्या हातातून बर्फाचं पाणी गळत होतं.

तरी पाणी पुन्हा कोमट करून, प्रयोगशाळेत नेऊन मी अंडी पिकायला लावलीच. दोन दिवस पाय एका जागी ठरेनात. इनक्युबेटरचं दार उघडायला हात नुसता शिवशिवायचा. सोमवारी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. अंडं पिकलं की भोवतीच्या पेशी कापसासारख्या फुलतात. घटक घातलेल्या बशीत काही फुललं नव्हतं, न घातलेल्या बशीतही नाही.

"म्हणजे घटकाचा उपयोग नाही," म्हणत सरांनी वहीत लिहायला पेन उघडलं.

गप्प बसले असते तर सगळं त्या बिचाऱ्या घटकाच्या माथी गेलं असतं. मला ते सहन होईना.

"सर, तसं लिहू नका. अंडी गारठली होती. मी वाटेत खोलीवर थांबले, थर्मासमध्ये बर्फ गेला. चूक माझी."

सरांनी पेन बंद केलं. दुपारपर्यंत माझं टेबल रिकामं झालं होतं.

आजी ओट्यावरच बसल्या होत्या. शनिवारपासून त्या बाजारात गेल्या नव्हत्या.

"पिकली का गो तुजी अंडी?"

"पिकली, आजी."

त्यांनी हुश्श केलं, पदर खोचला आणि पाटी डोक्यावर घेऊन निघाल्या. त्या वळणाआड जाईपर्यंत मी थांबले आणि मग खाटेखालची ट्रंक ओढली.